दयारामच्या पेटीचा तिसरा हात

उरणच्या मिठागरांवर १९३७ च्या उन्हाळ्यात एक कुजबूज फिरत होती. खारकोनी गावच्या दयाराम घरतची पेटी वाजवायला तीन हात लागतात, आणि त्यातला तिसरा हात जिवंत माणसाचा नाही.

कुजबूज सोडली भिकूने. भिकूला मिठागरावर कामाला बोलावत ते हातांसाठी, पण त्याचे राबायचे ते कान. भर दुपारी घरी परतताना तो दयारामच्या पडवीत सावलीला टेकला. दार आतून लावलेलं होतं आणि आत पेटी वाजत होती. भिकूला गणित थोडंच येत होतं, पण जे येत होतं ते पक्कं होतं. पेटीच्या मागे भाता, तो मारायला डावा हात. पुढे पट्ट्या, त्या दाबायला उजवा. झाले दोन. आणि आत तर वरच्या अंगाला एक गाणं चाललं होतं आणि त्याच्या खाली घोगऱ्या सुरांत दुसरंच कुणी चालत होतं. वरचा चढला की खालचा उतरत होता, वरचा थांबला की खालचा सरकत होता, आणि एवढं करून दोघांची टक्कर म्हणून होत नव्हती. भिकूने आपले दोन्ही हात डोळ्यांपुढे धरून मोजले. पुन्हा एकदा मोजले. मग कमरेचा रुमाल सावरत पळत सुटला.

देवळाच्या पारावर पोचेपर्यंत त्या तिसऱ्या हातावर केस उगवले होते. संध्याकाळी मोरा बंदरावर त्याला नखं फुटली. दुसऱ्या दिवशी करंज्याच्या कोळणी मासळी घेऊन आल्या त्या टोपल्या उतरवण्याआधीच विचारू लागल्या, की तो हात सोन्याची आंगठी घालतो म्हणतात ते खरं काय?

दयाराम घरत हा मिठागरावरचा साधा आगरी माणूस. किडकिडीत, लांब मानेचा, आणि चालायचा असा की नुकताच कुणीतरी गळ्यात हार घातलाय आणि तो पडता कामा नये. देवाने त्याला दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या, कान आणि तोंड. कान असा, की मिठाच्या राशीत फावडं मारल्याचा आवाज ऐकून मीठ ओलं की सुकं ते सांगायचा. तोंड असं, की ते सांगून झाल्यावर अर्धा तास तो कसा सांगू शकला ते सांगायचा. पेणला एक नाटक कंपनी मोडली तेव्हा तिची हातपेटी त्याने घरी आणली. त्या दिवसापासून गावाच्या भजनी मंडळीत पेटीची जागा दयारामची झाली. देवळात मूर्तीच्या उजव्या हाताला, खांबाला टेकून. त्या खांबाला त्याच्या पाठीच्या तेलाचा डाग पडला होता आणि तो डाग तो पाहुण्यांना दाखवायचा.

ती जागा म्हणजे दयारामचं सर्वस्व. मिठागरावर तो चारचौघांसारखा गुडघाभर चिखलात उभा असायचा, पण गुरुवारी त्या खांबापाशी बसला की पाटीलसुद्धा त्याला ‘या दयारामबुवा’ म्हणायचे. जागा गेली की बुवापण गेलं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

पेटीवाल्याचं काम मात्र फार मोठं नव्हतं. भागोजीबुवा गायचे आणि पेटी त्यांच्या मागून जायची, गाईमागून वासरू जातं तशी. भागोजीबुवा मंडळीचे मुख्य गाणारे आणि गावकीचे पंचही. गळा बेताचा, अधिकार दांडगा. ते घसरले की पेटीनेही घसरायचं. एका वेळी एक पट्टी, हा नियम. दोन पट्ट्या एकदम वाजल्या तर बोट चुकलं असं समजून लोक दयेने मान खाली घालत.

दुसरा नियम याहून कडक. मंडळीच्या वाद्याला बाईचा हात लागता कामा नये. एकदा शेळीने मृदंगाचं कातडं चाटलं तेव्हा तिला नुसतं हाकललं. पण त्याच साली एका म्हातारीचा पदर झांजांना लागला तर गोमूत्र आणून झांजा तीन दिवस उन्हात ठेवल्या. शेळीला जे माफ होतं ते म्हातारीला नव्हतं. म्हातारीनेही त्यात काही वावगं मानलं नाही. शेळीचं मत कुणी विचारलं नाही.

आता मुंबईची गोष्ट. हंगामात खारकोनीचं मीठ मचव्यातून मुंबईला जायचं. त्यातली काही पोती एका बड्या हॉटेलात जायची, कारण तिथे साहेबांसाठी आइस्क्रीम फिरवत आणि पिंपाभोवतीच्या बर्फात खडे मीठ घालावं लागे. गोड पदार्थ गोठायला आपलं खारं मीठ लागतं, यावर दयारामने मोरा ते भाऊचा धक्का एवढ्या प्रवासात प्रवचन दिल्याचं लोक सांगत. पोती हातगाडीवरून हॉटेलच्या मागच्या दाराशी न्यायची आणि रिकामी पोती परत मिळेपर्यंत थांबायचं. थांबायचं ठिकाण होतं स्वयंपाकघरामागचा बोळ. त्या बोळात एक खिडकी उघडायची, आणि खिडकीपलीकडे दुपारच्या वेळी हॉटेलचा बँड तालीम करायचा.

बँडवाले अमेरिकेहून आलेले काळे लोक होते. त्यातला पितळी वाकड्या बाजाचा वादक एक दिवस सिगारेट ओढायला बोळात आला. उंच, काळा, रुबाबदार माणूस. आता आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाने असा माणूस पाहिला तर तो काय समजणार? दयारामने पोती खाली ठेवली, वाकून मुजरा केला आणि अदबीने विचारलं, ‘मुरुडचे काय आपण? नवाबसाहेबांच्या भावकीतले?’ जंजिऱ्याच्या सिद्द्यांशिवाय जगात दुसरा काळा माणूस असू शकतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. तो गृहस्थ हसला, त्याने दयारामला एक सिगारेट दिली आणि आत गेला. दयारामने ती ओढली नाही. ‘नवाबाची सिगारेट’ म्हणून ती पुढे दोन वर्षं खारकोनीत दाखवली जात होती.

पण कान खोटं बोलत नव्हता. त्या बोळात दयारामने तीन हंगाम एकच गाणं ऐकलं. त्याचं नाव त्याला कधी कळलं नाही. पहिल्यांदा ते लोक गाणं सरळ वाजवत, ओवीसारखं. हळूच, उदास. मग तो उंच वादक गाणं सोडून निघून जायचा. सूर तिथले नाहीत, वळणं तिथली नाहीत, पण बाकीचे खाली ठरलेल्या पायऱ्या मोजत राहायचे आणि तो कुठून तरी फिरून नेमका त्याच उंबऱ्यावर उतरायचा. दर खेपेला वाट नवी, उंबरा तोच. माणसाएवढी सारंगी उभी धरून एकजण नुसते खालचे सूर काढायचा, आणि खरी जादू त्याच्याकडे होती. वर सूर एकच धरलेला, पण त्याच्या खालची जमीन तो बदलायचा, आणि रडणारा तोच सूर हसायला लागायचा. मधल्या भागात तर ते सगळं घरच उचलून अर्धी पायरी वर ठेवायचे, पाहुणे आत बसलेलेच, आणि परत खाली कधी उतरवलं ते पाहुण्यांना कळायचं नाही.

हे सगळं दयाराम घरी येऊन सांगायचा कुणाला, तर बायकोला. सगुणा शांत बाई. मिठागरावर डोक्यावर टोपल्या वाहायची, घरी येऊन भाकऱ्या थापायची, आणि नवऱ्याचं बोलणं ऐकायची. तिन्ही कामं तिला बिनबोभाट जमायची. तो तिला वरचं गाणं म्हणून दाखवायचा. मग म्हणायचा, आता खालचा सारंगीवाला ऐक, आणि घोगरा आवाज काढून तेही म्हणून दाखवायचा. तिसऱ्यांदा त्या उंच वादकाची भटकंती. गळा फाटका, पण एक सूर इकडचा तिकडे होत नव्हता. तीन माणसं त्याने मिठाच्या पोत्यासारखी पाठीवरून आणली होती, फक्त वेगवेगळ्या खेपांत.

एकदा तिने विचारलं, तो माणूस गाणं सोडून जातो आणि परत ठरल्या जागी येतो, यात एवढं काय? दयारामला राग आला. म्हणाला, तुना काय कलतं त्यातलं?

सगुणाला कळत नव्हतं असं म्हणणं जरा धाडसाचं होतं. तिची आई सखुबाई पंचक्रोशीतली नामांकित धवलारीण. आमच्याकडे लग्न लागतं ते भटजीच्या नव्हे, धवलारणीच्या गळ्यावर. धवल्याची, म्हणजे त्या लग्नगीताची, चाल ठरलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची. पण नवऱ्याचं नाव, नवरीच्या मामाचं गाव, वऱ्हाडातली रुसलेली आत्या, हे सगळं धवलारीण आयत्या वेळी त्यात बसवते आणि चालीला धक्का लागू देत नाही. सखुबाई गात असताना तिच्या मागे बसून खालचा सूर धरायचं काम सगुणाने सातव्या वर्षापासून केलं होतं. आई कुठेही भरकटली तरी मुलीने उंबऱ्यावर दिवा धरून उभं राहायचं. पण ही बायकांची गाणी. ती कुणी संगीतात धरत नव्हतं, दयाराम तर मुळीच नाही.

तरीपण त्याला ते मुंबईचं गाणं पेटीवर हवं होतं, आणि डावा हात भात्यात अडकलेला. मग दार लावून सगुणाने भाता मारायचा असं ठरलं. पेटी मध्ये, अलीकडे दयाराम, पलीकडे त्याच्यासमोर सगुणा. पेटीला बाईचा हात लागतोय हे मंडळीला कळलं तर पेटी बाद आणि जागाही बाद, म्हणून दार घट्ट. बाहेर हे ठाऊक होतं फक्त सखुबाईला. तिला दयाराम सांगायचा, ‘मामी, भाता हिचा, बाकी सगलं माझं.’ सखुबाई तंबाखू मळत मान हलवायची. तिची मान होकाराची की नकाराची हे आजवर कुणाला ओळखता आलं नव्हतं.

दोन उन्हाळे असे गेले. बंद दारामागे ते गाणं उभं राहिलं, चालू लागलं, आणि एके दुपारी भिकू सावलीला टेकला.

तिसऱ्या हाताची बातमी भागोजीबुवांच्या कानावर गेली तेव्हा त्यांना भीती वाटली नाही, आनंद झाला. त्यांचा भाचा दादू पेटी शिकत होता. शिकत होता म्हणजे मामाने त्याला पेटी घेऊन दिली होती. भाच्याला खांबापाशी बसवायची बुवांची फार इच्छा, आणि दयाराम उठायला तयार नाही, मरायलाही तयार नाही. आता देवानेच भूत पाठवलं म्हणायचं. बुवांनी पंचांना जमवलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, की भुताची पेटी मारुतीपुढे चालेल का? पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मारुती भुतांना पळवतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तो नवीन उद्योग त्याच्या गळ्यात कशाला घालायचा?

निवाडा झाला. हनुमान जयंतीला पाच दिवस होते. आदल्या दिवशी सकाळी, लख्ख उन्हात, देवळाच्या अंगणात दयारामने पेटी आणायची. गाव बघेल. घरात जे गाणं वाजतं तेच वाजवायचं. हात कमी पडला म्हणायला नको, भाता दादू मारील, दोन्ही हात तुला मोकळे. माणसाचं गाणं असेल तर अंगणातही वाजेल. नाही वाजलं तर पेटीवर कोण बसतं ते गावाला कळेल, आणि खांबापाशी उद्या कोण बसेल तेही.

दयाराम त्यांना काही बोलला नाही. दयाराम बोलला नाही, ही त्या आठवड्यातली भुतापेक्षा मोठी बातमी होती.

पुढचे तीन दिवस त्याच्या घरातून पेटी अखंड वाजत होती. पण गाणं वाजत नव्हतं. एकच तुकडा, पुन्हा तोच तुकडा, मध्येच थांबायचा. मग दबक्या आवाजात काहीतरी बोलणं. मग पुन्हा तोच तुकडा आणि पुन्हा चुकायचा. भिकू अर्थातच पडवीच्या आडोशाला हजर. त्याने पारावर कळवलं, की दयारामचं आणि भुताचं भांडण लागलंय, आणि बहुतेक भुताचं म्हणणं बरोबर असावं, कारण शेवटी गप्प बसतो तो दयाराम.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सखुबाई आली. पडवीत बसून तिने तंबाखू काढली. जावई भिंतीला टेकून बसला होता आणि आपल्या डाव्या हाताकडे असा बघत होता, की जणू तो कुणीतरी उसना दिलाय. तिने सरळच विचारलं, ‘उद्या काय सांगशील, जावय?’

तो म्हणाला, बघू.

‘खरं सांग ना. सगुणा हाय म्हनून सांग.’

‘मग पेटी बाटली, मामी. जागा गेली. वर जल्मभर हसतील, बायकोच्या जिवावर वाजवतो म्हनून.’

‘आनि भूत हाय म्हनलास तर?’

दयारामने डावी मूठ मिटली. मग म्हणाला, ‘भुताला नारल चालतो. बाईला कायपन चालत नाय.’

घरात सगुणा तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला, आणि परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी अंगणात एवढे लोक जमले की हनुमान जयंतीला काही उरले नाहीत. पुरुष पुढे, बायका तुळशीवृंदावनापलीकडे एका अंगाला. पंचांनी पेटीचं झाकण काढून आत बघितलं. आत एक झुरळ निघालं. त्याला भूत मानावं की नाही यावर थोडी चर्चा झाली आणि ते पळाल्यामुळे मिटली. दादू पेटीच्या पलीकडे बसला आणि नवऱ्यामुलासारखा सजून भाता मारू लागला.

दयारामने सुरुवात केली. उजव्या हाताने गाणं सरळ वाजवलं, जसं त्या बोळात ऐकलं होतं तसं. आणि खरं सांगायचं तर फार सुंदर वाजवलं. उन्हात उभे असलेले लोक सावली शोधायचे थांबले. म्हातारी माणसं डोळे मिटून बसली. भागोजीबुवांचीही मान हलली, आणि आपलीच मान आहे हे लक्षात आल्यावर थांबली.

मग दयारामने डावा हात पट्ट्यांवर ठेवला.

दोन पट्ट्या एकमेकींवर ओरडल्या. त्याने हात उचलला, पुन्हा ठेवला. खालचा सूर वरच्याच्या पायात आला. गाणं लंगडत मधल्या भागापाशी पोचलं, जिथे घर उचलून वर ठेवायचं, तिथे उजवा हात वर चढला आणि डावा जुन्याच जमिनीवर बसून राहिला. असा आवाज झाला की पारावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. पोरं हसली, मग मोठी माणसं. दादू भाता मारता मारता इतका हसला की भात्याचा दम गेला आणि पेटी कण्हत बंद पडली.

त्या वेळी बायकांच्या बाजूला काय चाललं होतं तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एकट्या कोकिळाचं होतं. कोकिळा म्हणजे दयारामची शेजारीण. तिने हे सगळं पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. सगुणा मांडी घालून बसली होती. डोळे पेटीवर. आणि लुगड्याच्या निऱ्यांवर तिच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबली जात होती, उठत होती, सरकत होती. मधल्या भागात दयारामचा हात जिथे अडकला, तिथे तिची बोटं अर्धी पायरी वर गेली, आणि न अडखळता परत खाली आली.

भागोजीबुवा उभे राहिले. आवाज देवळातला काढून विचारलं, ‘दयाराम, इथं तुला वाजवता येत नाय. मग घरात खालचे सूर कोन वाजवतो?’

दयारामने मान वर केली. आधी त्याने खांबाकडे पाहिलं, तिथल्या आपल्या पाठीच्या डागाकडे. मग तुळशीपलीकडे पाहिलं. सगुणा त्याच्याकडे बघत होती. तिने ना मान हलवली, ना डोळे फिरवले. सखुबाईने तोंड उघडलं होतं, पण लेकीने तिच्या मनगटावर हात ठेवला.

‘भूत हाय,’ दयाराम म्हणाला.

लोकांना इतकं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. कुणाचं भूत, कुठलं, कधीपासून, असे प्रश्न उठले. आणि इथे दयाराम जो सुटला, तो त्या मुंबईच्या वादकालाही ऐकावंसं वाटलं असतं असा. म्हणाला, भूत पुरुषाचं. उंच, काळं. मुरुडकडलं, चांगल्या घराण्यातलं. मचवा उलटून बुडालेलं. सिगारेट ओढतं. भूत मुळात उदास, पण बाधा करणारं नाही. पेटी उघडी दिसली की डाव्या बाजूला येऊन बसतं. शनिवारी येत नाही. माणसाने विचारावं आणि याने न अडखळता पुढचं जोडावं, आणि शेवटी प्रत्येक वाट त्या एकाच उंबऱ्यावर आणावी, की मी काही केलेलं नाही. जन्मभर ज्या कलेसाठी तडफडला, ती त्याला त्या दिवशी अर्धा तास वश झाली होती. मात्र पेटीवर नव्हे, जिभेवर.

बुवांचा डाव त्यांच्यावरच उलटला. कारण गावकीचा कायदा स्पष्ट होता. ज्याने भूत कबूल केलं त्याला उपाय करून द्यायचा. भगत आला. त्याने पेटीभोवती अंगारा फिरवला, नारळ फोडला, एक कोंबडा घेतला आणि जेवून गेला. पेटी शुद्ध झाली. खांबापाशी दुसऱ्या दिवशी पहाटे दयारामच बसला. दादूला झांजा दिल्या. भिकू महिनाभर सिद्दी भुताच्या घराण्याची माहिती गोळा करत होता.

जयंतीच्या दिवशी दुपारी सगुणाने नेहमीसारखा भात टाकला, कालवण केलं, नवऱ्याला वाढलं. दयाराम खूश होता. जागा वाचली होती आणि चार गावांत नाव झालं होतं. जेवून झाल्यावर त्याने दार लावलं, पेटी मध्ये ठेवली, भाता पलीकडे करून अलीकडे बसला, आणि वाट पाहत राहिला.

सगुणा भांडी घासत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

‘भुताला बोलवा,’ ती म्हणाली.

त्याने पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. मग समजूत घातली. मग आठ दिवस रुसला. मग मुंबईहून बांगड्या आणल्या. बांगड्या तिने घातल्या, भात्याला हात लावला नाही. पुढच्या वर्षापासून ती आईबरोबर लग्नांना जाऊ लागली, आणि सखुबाईचा गळा थकल्यावर धवले तीच म्हणू लागली. कुठल्याही घरात शिरली की नवरीचं, वरमाईचं, रुसलेल्या आत्याचं असं काही त्या चालीत गुंफायची की रुसलेली आत्या स्वतःच हसायची. मागे खालचा सूर धरायला तिने दोन पोरी तयार केल्या होत्या. लोक म्हणत, हिच्या धवल्यात काहीतरी निराळं आहे, ऐकताना जमीन सरकल्यासारखी वाटते. पण बायकांची गाणी; त्यापलीकडे कुणी विचार केला नाही.

सखुबाईने मात्र गप्प राहायचं कबूल केलं नव्हतं. गळा थकायच्या आधी, भागोजीबुवांच्याच घरच्या लग्नात, दयाराम समोर पाटावर बसलेला असताना, तिने धवल्यात हळूच दोन ओळी सोडल्या:

माज्या जावयाचे पेटीला गो, व्हते तीन हात,
दोन हात मानसाचे गो, तिसऱ्याची नाय बात.

मांडवभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसला दयाराम. भुतावर केलेला विनोद आपल्याला मान्य आहे, हे त्याला दाखवायचं होतं. सगुणा आईमागे बसली होती. तिने खालचा सूर धरला होता, तो सोडला नाही.

दयाराम पुढे अनेक वर्षं त्या खांबापाशी बसला. एका वेळी एक पट्टी वाजवली. भागोजीबुवा घसरले की तोही घसरला. मुंबईचं गाणं त्याच्या घरातून पुन्हा कधी ऐकू आलं नाही, आणि लोक म्हणत, भगताचा नारळ चांगला लागला, भूत गेलं ते गेलंच.

पेटीत भूत नव्हतं. खालचे सूर सगुणा वाजवायची. समोर बसून डाव्या हाताने भाता मारायची आणि उजव्या हाताने पट्ट्या दाबायची. दयारामचा डावा हात तेव्हा त्याच्या मांडीवर असायचा.